ओवी देवळातली, ओवी मांडवातली

आमचे लहानपण सोलापुरात रेल्वे लाइन्समध्ये गेले. पहाटे आजी जात्यावर बसली की पंढरीच्या ओव्या सुरू होत. शेजारी गोव्याकडचे एक कॅथलिक कुटुंब राहावयास आले होते. त्या घरच्या मावशी एके दिवशी दारात थबकल्या व म्हणाल्या, "आजी, ओव्या तर आमच्यातही आहेत हो! लग्नात नवरीला रोस लावताना आम्ही बायकाच म्हणतो." रोस म्हणजे नारळाचे दूध. आजीने त्यांना समोर बसवून खुंटा हाती दिला. मग विठोबा आणि मावशींची ‘सायबीण’, म्हणजे माता मरिया, एकाच जात्याभोवती नांदू लागली.

ख्रिस्ती देवळात ओवी कशी गेली, हे मला पुढे वाचून कळले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. तेव्हा पैठणास एकनाथ महाराज हयात होते. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती, आणि देवळातली उपासना लॅटिनमध्ये! आमची पुराणे काढून घेतलीत, मग तशीच दुसरी का देत नाही, अशा अर्थाचे गाऱ्हाणे एका श्रोत्याने घातल्याचे फादरांनीच ग्रंथारंभी लिहून ठेवले आहे. तो ग्रंथ ‘क्रिस्तपुराण’, १६१६ साली छापलेला. सुमारे ११,००० ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी कित्येकींनी शाळेत पाठ केल्या असतील. रविवारी व सणावारी मिस्सा आटोपला की देवळात हे पुराण वाचले जाई. हरिविजय ऐकावा तसे लोक ते ऐकत.

पुढे दिवस फिरले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे धर्माची चौकशी करणाऱ्या न्यायालयाने, लग्नात ओव्या म्हणण्यासच मनाई केली. मांडवात चुलीपाशी बायका काय गुणगुणतात, हे त्या न्यायाधीशांना कोण सांगणार! क्रिस्तपुराणाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून ते १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते पुण्यात देवनागरीत आणले. बायकांच्या ओव्यांना मात्र छापखाना लागला नाही. त्या आईकडून लेकीकडे गेल्या.

डिसेंबर १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. त्यानंतर मिस्सातच मराठी गीते आली, पेटी-तबला आला. मावशींना याचे फार अप्रूप. "आता देवाला माझे बोलणे दुभाष्याशिवाय कळेल," असे त्या हसून म्हणत.

त्यांच्या थोरल्या लेकीचे लग्न सोलापुरातच झाले. रोसाच्या दिवशी गोव्याहून कोणी म्हातारे माणूस येऊ शकले नाही. मावशींना आईच्या तीनच ओव्या आठवल्या, चौथीला कंठ दाटला. मांडवात सारे गप्प. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आमच्या आजीने पदर सावरला आणि लेकीला सासरी धाडतानाची आपली जात्यावरची ओवी धरली. मावशींनी डोळे पुसले, नारळाच्या दुधाची वाटी उचलली, आणि दुसऱ्या फेरीला सगळ्या बायकांनी तीच ओवी उचलून धरली.