शिक्षकाला घडवणाऱ्याला कोण घडवणार? १८४६ ची गोष्ट

१/ इंग्लंडमध्ये १८४६ साली, १३ वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींना शिक्षक म्हणून घडवण्याचे काम शाळांच्या मुख्याध्यापकांवर सोपवण्यात आले. या कामाचे पैसे सरकारने ठरवून दिले. ते कसे करावे, हे मात्र कोणी शिकवले नाही. त्या उणिवेचा हा इतिहास.

२/ त्याआधी मॉनिटर पद्धत रूढ होती. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात राबवलेल्या प्रयोगातून ती इंग्लंडमध्ये पसरली. मोठी मुले लहानांना शिकवत. खर्च अल्प, पण शिकवणाऱ्यांचे स्वतःचे ज्ञानही तितकेच अल्प.

३/ शिक्षण समितीचे सचिव जेम्स के-शटलवर्थ यांनी हॉलंडमधील पद्धत पाहून पर्याय मांडला: उमेदवारी. सुताराच्या हाताखाली सुतार तयार होतो, तसा शिक्षकाच्या हाताखाली शिक्षक.

४/ मुदत ५ वर्षे. उमेदवाराला पहिल्या वर्षी १० पौंड, शेवटच्या वर्षी २०. दिवसभर वर्गात शिकवायचे आणि शाळेच्या वेळेबाहेर रोज दीड तास मुख्याध्यापकांकडे शिकायचे. दरवर्षी सरकारी निरीक्षकांची परीक्षा.

५/ मार्गदर्शनाचा मोबदलाही ठरलेला होता: एका उमेदवारासाठी वर्षाला ५ पौंड, दोघांसाठी ९, पुढच्या प्रत्येकासाठी ३.

६/ दोष इथेच होता. उत्तम शिकवणे आणि दुसऱ्याला शिकवायला शिकवणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. मुख्याध्यापक जाणता असेल तर उमेदवार घडे. नसेल तर तो वर्ग सांभाळणारा स्वस्त मजूर ठरे. शिवाय दिवसअखेरीस गुरू आणि शिष्य दोघेही थकलेले.

७/ १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने सरकारचे हे थेट मानधन बंद केले. अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या निकालाशी जोडले गेले. उमेदवारांची संख्या घटली.

८/ पुढे लिव्हरपूल, लंडन येथे उमेदवारांसाठी स्वतंत्र केंद्रे निघाली. विसाव्या शतकात प्रशिक्षणाचे केंद्र महाविद्यालयांकडे सरकले आणि वर्गातील अनुभवी शिक्षक दुय्यम ठरला.

९/ १९९२ मध्ये चक्र उलटे फिरले. माध्यमिक शिक्षकांच्या ३६ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातील २४ आठवडे शाळेत घालवणे बंधनकारक झाले. अनुभवी शिक्षक पुन्हा गुरू झाला. आता त्याचे नाव ‘मेंटर’.

१०/ सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये नवशिक्षकांना दोन वर्षे मेंटर मिळू लागला आणि त्या मेंटरच्या प्रशिक्षणाचीही देशव्यापी तरतूद झाली. १८४६ च्या योजनेत मोबदला होता, परीक्षा होती, निरीक्षक होते. गुरूची तयारी तेवढी गृहीत धरली होती. ती गृहीत धरता येत नाही, हे मान्य व्हायला पावणेदोनशे वर्षे गेली.