पंडिता रमाबाई : सेवा आणि धर्मोपदेश

ख्रिस्ती धर्मोपदेशक शाळा काढतात, अनाथांस आश्रय देतात, तें केवळ धर्मप्रसारासाठींच, असा समज महाराष्ट्रांत दीर्घकाळ रूढ आहे. पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत मात्र हा क्रम उलटा दिसतो.

१८८२ सालीं वैधव्य आल्यावर रमाबाई तान्ह्या मुलीसह पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व हंटर कमिशनपुढें शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची मागणी मांडली. स्त्रियांच्या न्यायाचा प्रश्न त्यांनीं बाप्तिस्म्यापूर्वींच हातीं घेतला होता. १८८३ सालीं त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथें वाँटेज मठाच्या भगिनी पतित मानलेल्या स्त्रियांचा आश्रम चालवीत. तेथील ममतेचें मूळ रमाबाईंनीं विचारलें, तेव्हां येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना वाचून दाखविण्यांत आली. त्याच वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. सेवा आधीं दिसली. उपदेश मागाहून पटला.

११ मार्च १८८९ रोजीं अमेरिकन देणग्यांच्या बळावर त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. सदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील या भरंवशावर रानडे व भांडारकर सल्लागार झाले. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचें दार उघडें असे आणि मुली आंत येऊन बसत. १८९३ सालीं वादळ उठलें. सल्लागारांनीं राजीनामे दिले, पालकांनीं मुली परत नेल्या. पालकांची तक्रार निराधार नव्हती, आणि स्वतःची श्रद्धा दडवून ठेवणें रमाबाईंना अप्रामाणिकपणाचें वाटे. या ओढाताणींत शिक्षण बुडालें तें मात्र बालविधवांचें.

तथापि पेरलेलें बीज वायां गेलें नाहीं. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं १८९३ सालींच पुनर्विवाह झाला. १८९६ सालीं कर्व्यांनीं विधवांसाठीं संस्था काढली. पुढें ती हिंगण्यास गेली, आणि धर्मांतराची धास्ती नसल्यानें हिंदु कुटुंबें तेथें मुली धाडूं लागलीं. इकडे १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून सुमारें ३०० मुली व स्त्रिया आणून केडगांवच्या शेतांत त्यांना आसरा दिला. त्यांतून उभें राहिलेलें मुक्ति सदन उघडपणें ख्रिस्ती होतें.

१९२२ सालीं रमाबाई निवर्तल्या. केडगांवचें कार्य अद्याप चालू आहे. एकच कळकळ दोन मार्गांनीं वाहिली. धर्म कोणता, याविषयीं मतभेद राहिला. पण टाकलेल्या स्त्रीस घर आणि विद्या मिळालीच पाहिजे, हें दोन्ही मार्गांनीं सारखेंच मानलें.