शास्त्री, कपाट आणि कायद्याचा ग्रंथपाल



सोलापूर जिल्ह्यांतील सांगोल्याचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत एका करारामुळें राहिलें आहे. इ. स. १७५० च्या सप्टेंबरांत यमाजी शिवदेवाचें बंड मोडण्यासाठीं सदाशिवरावभाऊ तेथें गेले असतां, बरोबर असलेल्या छत्रपति रामराजांनीं राज्याची सारी सत्ता पेशव्यांस देण्याचें मान्य केलें. साताऱ्याभोंवतालचा थोडा मुलूख तेवढा आपल्याकडे असावा ही त्यांची अट होती, असें ग्रँट डफ १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत सांगतो. राज्यकारभाराचें मूळच बदललें. पण तें कोणत्या शब्दांनीं बदललें हें पाहावयास मागण्याची सोय सांगोल्याच्या पेठेंतील वाण्यास किंवा कुणब्यास नव्हती. अशी सोय पुढें कशी झाली, आणि ती सांभाळणाऱ्या माणसाचें काम कसें बदलत गेलें, हें आज सांगावयाचें आहे.

इंग्रजी अमलाच्या आरंभीं मुंबई इलाख्यांतील कोर्टांना धर्मशास्त्राचा प्रश्न पडला म्हणजे तीं कोर्टाच्या शास्त्रीबोवांस विचारीत. दत्तक कोणीं घ्यावा, विधवेचा हक्क किती, याचें उत्तर शास्त्री लिहून देत आणि आधाराचा ग्रंथहि नमूद करीत. १८६४ च्या कायद्यानें हें पद गेलें. तोंवर सांचलेलीं उत्तरें मात्र वाया गेलीं नाहींत. रेमंड वेस्ट व जॉर्ज ब्यूलर यांनीं तीं निवडून, विषयवार लावून, १८६७ पासून छापून काढलीं. आपल्याकडील कायद्याच्या ग्रंथपालनाचा उगम मी या पुस्तकांत मानतों. एकाच्या मुखीं असलेलें ज्ञान दुसऱ्यास शोधतां यावें अशा रीतीनें तें मांडलेलें आहे.

त्यानंतर कपाटें भरूं लागलीं. १८७५ च्या कायद्यानें ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ला अधिकृतपणा आला, १८९९ मध्यें ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ निघाला, पुढें नागपुराहून ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे खंड येऊं लागले. मुंबईस १८५५ सालींच कायद्याचें शिक्षण सुरू झालें होतें. पुण्यास १९२४ मध्यें इंडियन लॉ सोसायटीचें कॉलेज उघडलें. त्याचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे हे स्वतःच मिताक्षरेसारख्या ग्रंथांचीं भाषांतरें छापणारे होते. अशा कॉलेजांतील ग्रंथपालास लोक बहुधा किल्ल्यांचा रखवालदार समजत. हा समज अन्यायाचा होय. कोणता निवाडा पुढें फिरला, कोणत्या कलमांत केव्हां दुरुस्ती झाली, हें सूचींतून कसें काढावें तें विद्यार्थ्यास तोच दाखवी. आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मूळ पुस्तकांत चिकटविण्याचें कंटाळवाणें कामहि त्याच्याच वाट्यास येई.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मागील दहा वर्षांचे खंड कॉलेजांत असावे अशी अट आहे. परंतु जानेवारी २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आपले अधिकृत निवाडे संगणकावर विनामूल्य खुले केले, आणि सांगोल्याच्या तरुणास पुण्या-मुंबईची वाट न धरतां ते वाचतां येऊं लागले. मग ग्रंथपाल कशास हवा?

१ जुलै २०२४ रोजीं १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचें कलम ३०२ होतें, तें १०३ झालें. दीडशेंहून अधिक वर्षांचे निवाडे मात्र जुन्याच आंकड्याखालीं आहेत, आणि त्या तारखेपूर्वींच्या गुन्ह्यांस जुनाच कायदा लागतो. नुसता नवा आंकडा घालून शोधणाऱ्याच्या हातीं फार थोडें लागेल. दुसरें उदाहरण न्यूयॉर्कचें. २०२३ मध्यें तेथील वकिलांनीं यंत्रानें रचून दिलेले, कधींहि न झालेले निवाडे न्यायालयापुढें ठेवले व पांच हजार डॉलर दंड भरण्याची पाळी आली. गंमत अशी, कीं हे निवाडे खरे आहेत ना, असें त्यांच्यापैकीं एकानें त्याच यंत्रास विचारलें होतें, आणि यंत्रानें होकार दिला होता! आपल्या कोर्टाचा शास्त्री निदान आधाराचा खरा ग्रंथ तरी दाखवीत असे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचीं मराठी भाषांतरेंहि आतां मिळतात. त्यांवर मूळ इंग्रजी प्रतच प्रमाण अशी टीप असते. खेड्यांतून आलेला विद्यार्थी भाषांतर वाचील, ती टीप वाचणार नाहीं. म्हणून कायद्याच्या प्रत्येक कॉलेजानें पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकांत आठवड्याचा एक तास ग्रंथपालास द्यावा, त्यास अध्यापकाचा दर्जा द्यावा, आणि त्या तासाची परीक्षाहि घ्यावी, असें माझें सुचविणें आहे. परीक्षेंत प्रश्न एकच पुरे: हा निवाडा आज लागू आहे काय, व तें तुम्हीं कोठें पाहिलें?