तळटीप : ‘डहाणूचा प्राचीन कोट’

मूळ लेखकाने इथे गावाचे वय कोटाला चिकटवले आहे. डहाणू जुने खरेच. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखात उषवदाताने ज्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, त्यांत ‘डाहनुका’ येते. पण होडीवरून नदीचा उतार सिद्ध होतो, तट नाही. खाडीकाठचा किल्ला पोर्तुगीज अमलातला. १७३९ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. यावर, जुन्या विटांच्या ढिगाऱ्यांना लोक ‘कोट’ म्हणतात त्याचे काय, असा आक्षेप येईल. याच जिल्ह्यातले उत्तर बोलके आहे. नालासोपाऱ्याचे विटांचे टेकाड ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाई. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी ते मधोमध खणले, तर आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे तुकडे! तो स्तूप निघाला. लोकांची आठवण अगदीच खोटी नव्हती. ढीग माणसाने रचलेला, एवढे तिला पक्के ठाऊक होते, कशासाठी ते मात्र विसरले होते. त्यामुळे केवळ नावावरून किल्ला मानता येत नाही. लेखी पुरावा पाहावा, तर डहाणू तालुक्यातल्या चिंचणीचा इ.स. ९२६चा राष्ट्रकूट ताम्रपट संजाणच्या कारभाराविषयी बरेच सांगतो. त्यातही पुन्हा फुकट होड्यांची सोय नोंदली आहे.