टनामागे एक शाळा

१९५०-५१च्या हंगामात लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर कसे गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष कसे झाले, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण त्या गोष्टीत एक साधा प्रश्न राहून जातो. कारखाना उभा राहिला, पण तो चालवणार कोण?

भागधारक आसपासच्या गावांतले शेतकरी. त्यांना ऊस लावता येत होता, गुऱ्हाळावर गूळ करता येत होता. पण काहिलीतला रस वेगळा आणि बंद पॅनमधला वेगळा. पॅनमध्ये दाणा कधी धरतो, किती वाढू द्यायचा, माल कधी खाली सोडायचा, हे पॅनमनला कळावं लागतं. चुकलं की साखरेऐवजी मळी वाढते, आणि मळी वाढली की उसाचा भाव पडतो.

हे ज्ञान देशात नव्हतं असं नाही. १९३२ साली साखरेला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा आला आणि काही वर्षांतच तिशीच्या आसपास असलेले कारखाने शंभराच्या पुढे गेले. त्याच वर्षी नीरेच्या पट्ट्यात पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. १९३६ साली कानपूरला साखर तंत्रज्ञानाची सरकारी संस्था निघाली आणि पुण्यात दख्खनच्या साखर तंत्रज्ञांनी आपली संघटना बांधली. पण हे सगळं खासगी गिरण्यांच्या काळातलं. शेतकऱ्याचा संबंध वजनकाट्यापर्यंत. काट्याच्या पलीकडे काय चालतं, हे त्याला कोणी शिकवत नव्हतं.

सहकाराने हा काटा ओलांडला. कारखाना आपला म्हटल्यावर केमिस्ट, इंजिनीअर, शेतकी अधिकारीही आपल्यातले हवेत, ही गरज तयार झाली. पण एकट्या कारखान्याला ते परवडणारं नव्हतं. प्रयोगशाळा, बेणेमळे, शिक्षक यांचा खर्च एका तालुक्याने कसा उचलायचा?

यावर निघालेला तोडगा साधा होता. एकमेकांचे राजकीय वैरी असलेले कारखानेसुद्धा या एका कामासाठी एकत्र आले. १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी राहिली. गाळलेल्या उसाच्या टनामागे ठरावीक वर्गणी कारखान्यांनी द्यायची. ज्याचं गाळप मोठं, त्याचा वाटा मोठा. १९८९ साली वसंतदादा पाटील गेल्यावर संस्थेला त्यांचं नाव मिळालं. इथे साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम चालतात, कारखान्यातल्या कामगारांची प्रशिक्षणं होतात, शेतकऱ्यांसाठी ऊसशेतीचे ‘ज्ञानयाग’ भरतात. म्हणजे कारखानदारीने आपल्या मनुष्यबळाची शाळा आपल्याच उसातून काढली. सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसलेल्या देशात ही गोष्ट लहान नाही.

त्यातून एक पिढी बदलली. ज्याच्या आजोबांनी गुऱ्हाळावर चुलाण पेटवलं, तो नातू त्याच तालुक्यात चीफ केमिस्ट झाला. कारखान्यांच्या भोवती शाळा, कॉलेजं आली. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिल्यावर साखरपट्ट्यात त्यांची रांगच लागली. देणग्या आणि फीची गोष्ट तिथूनच सुरू होते, हेही खरं.

मात्र या सगळ्या साखळीत एक कडी कोणी शिकवण्यासारखी मानलीच नाही. ऊसतोड.

वरवर पाहता कोयता चालवायला काय अक्कल लागते? पण उसात साखर सगळ्यात जास्त असते ती बुडख्याकडे. तोडणी जमिनीलगत झाली नाही, तर साखर रानातच राहते आणि पुढचा खोडवाही नीट फुटत नाही. वाढं बरोबर जागी छाटावं लागतं. पाचट काढून, मोळी बांधून, ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत पडावा लागतो, नाहीतर त्यातली साखर उतरायला लागते. केमिस्ट प्रयोगशाळेत जो उतारा मोजतो, त्याची सुरुवात कोयत्याच्या पहिल्या घावात झालेली असते. हे कुशल काम आहे. पण त्याला अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र नाही.

मग हे शिकवतं कोण? आई-बाप. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरला जातो. बाईला स्वतंत्र आकडासुद्धा नाही. मागे ठेवायला कोणी नसलं की पोरंही बरोबर जातात. धाकट्याला सांभाळत, वाढं गोळा करत पोर हळूहळू तोडणी शिकतं. त्याच महिन्यांत गावातल्या शाळेत वर्ग भरत असतो. म्हणजे एका उद्योगाने दोन शाळा चालवल्या. एक मांजरीला, वर्गणीतून. दुसरी फडात, पोरांच्या बुडालेल्या शाळेतून.

याची दखल घेतली गेली, पण फार उशिरा. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. महामंडळाच्या पैशासाठी काय ठरलं? कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची. मांजरीची संस्था ज्या पद्धतीने उभी राहिली, तीच ही पद्धत. ती सुचायला अवघड नव्हती, माहीत होती, वापरलेली होती. केमिस्टसाठी ती १९७५ साली वापरली, तोडणीवाल्यांच्या वाट्याला यायला चार दशकांहून जास्त काळ लागला.

आता फडात हार्वेस्टर उतरू लागलेत. एक यंत्र कितीतरी कोयत्यांचं काम करतं. ते चालवायला, दुरुस्त करायला माणसं लागणार आणि त्यांना कोणीतरी शिकवणार. त्या वर्गात बीडच्या टोळीतली पोरगी बसलेली असेल का, की पुन्हा कारखान्याच्या गावातलाच कोणी? वर्गणी कशी गोळा करायची, हे आपल्याला पन्नास वर्षांपासून येतं. त्या वर्गाच्या हजेरीपटावर कोणाची नावं घालायची, एवढंच ठरवायचं आहे.