वाकस, रंधा आणि लोकशिक्षण

बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात कोरीव लाकडी खांबांची एक ओळ उभी आहे. सोळाव्या शतकात अली बरीदच्या कारकिर्दीत या महालाला आजचे रूप आले. तेथील काळ्या दगडात बसविलेल्या शिंपल्यांच्या नक्षीची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे. परंतु ते खांब ज्यांनी घडविले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही. बांधविणारा सुलतान ठाऊक आहे, त्याचा शक ठाऊक आहे. सुतार मात्र अनाम राहिला. राजधानी १३४७ साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, आली आणि पुढच्या शतकात ती बिदरला गेली. या सर्व घडामोडींत दरवाजे, तुळ्या, छत आणि पालख्या यांचे काम अखंड चालूच होते. एवढे कौशल्य ज्या प्रदेशात नांदले, तेथे ते शिकविण्याची शाळा मात्र नव्हती. शाळा होती ती सुताराच्या घरातील ओसरी, आणि तिचा विद्यार्थी एकच, तो म्हणजे सुताराचा मुलगा.

गावगाड्यातील सुताराचे स्थान मोठे मजेचे होते. बारा बलुतेदारांत त्याची गणना पहिल्या मानकऱ्यांत होत असे. नांगर, कुळव आणि पाभर ही शेतकऱ्याची सारी आऊते त्याच्या हातून उतरत. बाभळीचे लाकूड कोठे तोडावे, ते किती दिवस सुकू द्यावे, कोणत्या वळणाचा बुंधा नांगराला चालेल, हे ज्ञान त्याच्या बोटांत साठलेले असे. सुगी झाली की खळ्यावर जाऊन तो आपल्या वाट्याचे धान्य घेई. या व्यवस्थेत एक स्थैर्य होते यात शंका नाही. परंतु तिच्यात दोन उणिवाही होत्या. सुताराच्या मुलाला दुसरे काही शिकण्याची मुभा नव्हती. आणि इतरांच्या मुलांना सुतारकाम शिकण्याची मुभा नव्हती. ब्राह्मणाचा मुलगा पाटी-पुस्तक घेई, त्याने वाकस हाती धरणे कमीपणाचे ठरे. सुताराचा मुलगा वाकस घेई, त्याने पुस्तक हाती धरणे अनावश्यक ठरे. हात आणि डोके यांची अशी फारकत शतकानुशतके चालली.

या फारकतीविरुद्ध पहिला मोठा आवाज याच भूमीत उठला होता, हे विसरून चालणार नाही. आज बिदर जिल्ह्यात असलेल्या कल्याण नगरीत बाराव्या शतकाच्या मध्यास महात्मा बसवेश्वरांनी शरणांचा जो मेळा जमविला, त्यात दोर वळणारे नुलिय चंदय्या होते, बुरूडकाम करणारे मेदार केतय्या होते, धुणे धुणारे मडिवाळ माचिदेव होते. काया कष्टवून केलेले प्रामाणिक काम हीच ईश्वराची पूजा, हा त्यांच्या कायक-तत्त्वाचा गाभा होता. श्रमाला एवढी प्रतिष्ठा देणारा विचार त्या काळी दुर्मिळच म्हणावा लागेल. मात्र त्या तत्त्वाने श्रम करणाऱ्याला मान दिला, तरी एकाचा हुन्नर दुसऱ्याला शिकविणारी शाळा त्यातून निर्माण झाली नाही. ती उभी राहण्यास आणखी सातशे वर्षे जावी लागली, आणि तिचा उगम फार दूरच्या देशात झाला.

फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रयत्नांनी १८६६ साली लोकशाळांतील मुलांना हस्तव्यवसाय आवश्यक विषय म्हणून लागू झाला. पुढे स्वीडनमधील नेस या गावी ओटो सालोमोन याने शिक्षकांसाठी सुतारकामाचे वर्ग उघडले. मुलाने आधी चाकूने एक साधी काठी तासावी, मग चमचा, मग पेटी, असा चढत्या पायरीचा क्रम त्याने बसविला. वस्तू अर्धवट नको, पुरी हवी. शोभेची नको, घरात उपयोगी पडणारी हवी, हा त्याचा आग्रह होता. देशोदेशीचे शिक्षक त्याच्याकडे शिकून गेले. सालोमोनचे आणखी एक मत होते. हा विषय कारागिराने नव्हे, तर शाळेतील शिक्षकाने शिकवावा, असे तो म्हणे. कारण हेतू सुतार तयार करण्याचा नसून माणूस घडविण्याचा आहे. या मताची कसोटी हिंदुस्थानात लागायची होती.

ती कसोटी प्रथम लागली ती हिंदी माणसांच्याच एका वसाहतीत, पण हिंदुस्थानाबाहेर. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गपासून सुमारे एकवीस मैलांवर हर्मान कॅलनबाख या वास्तुशास्त्रज्ञाने आपली अकराशे एकरांची जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी मोफत दिली. हेच टॉलस्टॉय फार्म होय. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशी सर्व धर्मांची आणि तमिळ, गुजराती, हिंदी अशा नाना भाषांची मुले एकत्र राहत. प्रत्येक मुलाने काही ना काही हातचे काम शिकावे, असे गांधीजींनी ठरविले. कॅलनबाख एका मठात जाऊन चपला शिवण्याचे काम शिकून आला आणि गांधीजी ते त्याच्याकडून शिकले. सुतारकाम त्याला थोडेफार येत होते, आणखी एका आश्रमवासीयास येत होते. एवढ्या भांडवलावर सुतारकामाचा छोटासा वर्ग सुरू झाला. बाकांपासून पेट्यांपर्यंतच्या गरजेच्या वस्तू वस्तीवरच तयार होऊ लागल्या. त्या वर्गाचा नियम एकच होता: जे काम शिक्षक स्वतः करणार नाही, ते मुलांना सांगायचे नाही. पगार नाही, पदवी नाही, आणि तरीही वर्ग चालला, कारण शिक्षक आपण होऊन पुढे आला होता आणि त्याचा घाम मुलांना दिसत होता.

असे आपण होऊन पुढे येणे निजामी राजवटीतील मराठी आणि कानडी माणसांनाही अपरिचित नव्हते. ज्या राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, तेथे मातृभाषेची शाळा चालविणे हेच एक व्रत होते. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ साली निघाले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली. तेथे मुख्याध्यापक म्हणून राहिलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, १९५२ साली याच गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले. या शाळांचा मुख्य भर अक्षरविद्येवर आणि देशभक्तीवर होता. परंतु अत्यल्प मोबदल्यावर, समाजाच्या आधाराने, समाजासाठी शिकविणारा शिक्षक म्हणजे काय, हे या सीमाभागाने त्यांच्याच रूपाने पाहिले.

त्या त्यागाची आणि हस्तव्यवसायाची गाठ पडली ती वर्ध्यास. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी आपली शिक्षणकल्पना मांडली आणि तिची योजना आखण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे आले. डॉ. झाकीर हुसेन यांचा जन्म हैदराबादचा, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. सूतकताई, शेती यांबरोबर सुतारकाम हाही मूलोद्योग मानला गेला. स्टूल करताना मुलगा लांबी-रुंदी मोजतो, गुण्या लावून काटकोन पाहतो, लाकडाची किंमत काढतो. सागवान कोठून येते, बाभूळ कोठे वाढते, हे विचारतो. गणित, भूगोल, व्यवहार हे सर्व त्या एका वस्तूभोवती गुंफावेत, ही समवायाची पद्धती होय. सेवाग्राम येथे आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने हे काम आयुष्यभर निष्ठेने चालविले.

मग ही योजना खेडोपाडी रुजली का नाही? याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. टकळी स्वस्त होती. करवत, रंधा आणि पटाशी स्वस्त नव्हती, आणि चांगले लाकूड तर मुळीच नव्हते. थोड्या महिन्यांच्या प्रशिक्षणावर तयार झालेल्या शिक्षकाचा हात बसलेला नसे. त्याची कूस खाचेत ढिली बसे, आणि ते मुलांच्या लगेच ध्यानात येई. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्यांचे हात घेऊन बसलेला सुतार असे. पण त्याच्याजवळ प्रमाणपत्र नसल्याने शाळेचे दार त्याला बंद राही. जेथे कारागीरही थोडाफार शिकलेला होता, तेथे सालोमोनचे मत शोभून दिसले असेल. जेथे कारागिराला जातीमुळे शाळेबाहेर ठेवले गेले होते, तेथे त्याला पुन्हा एकदा बाहेर ठेवणे हा अन्यायही होता आणि मूर्खपणाही.

दुसरी अडचण याहून खोल होती. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी शाळेची वेळ अर्ध्या दिवसाची केली आणि उरलेल्या वेळात मुलाने घरचा धंदा शिकावा, अशी योजना काढली. न्हाव्याच्या मुलाने न्हावी व्हावे आणि चांभाराच्या मुलाने चांभार, असाच तिचा अर्थ लोकांनी घेतला. प्रचंड विरोध झाला आणि १९५४ साली कामराज यांनी ती मागे घेतली. वर्ध्याची कल्पना आणि ही योजना वरवर सारख्या वाटतात. वस्तुतः त्या एकमेकींच्या उलट आहेत. एकीत सर्वांच्या मुलांनी वाकस धरायचा होता, दुसरीत फक्त सुताराच्या मुलाने. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी जातीचा काच सोसला होता, त्यांना पुस्तकाऐवजी हत्यार पुढे करणाऱ्या प्रत्येक हाताचा संशय यावा, हे स्वाभाविकच होते. पालकांचा प्रश्न सरळ होता: साहेबाचा मुलगाही रंधा मारणार आहे काय? या प्रश्नाला होकारार्थी उत्तर फारच थोड्या शाळांनी दिले.

पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द दिला. शब्द सुधारला, तास मात्र आठवड्यातून एक-दोन उरले आणि कागदाच्या फुलांवर त्यांची बोळवण झाली. तरीही मूळ प्रवाह अगदी आटला नाही. १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेल्या मुलांना तेथे कार्यशाळेतील कामे, शेती, विजेची कामे यांतून शिकविले जाऊ लागले. हाताने शिकणारा मुलगा मंदबुद्धी नसतो, त्याची शिकण्याची वाट निराळी असते, ही त्यांची श्रद्धा होती. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे, हा दंडक तेथेही होता.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. बिदर आणि गुलबर्गा कर्नाटकात गेले. बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे आले. भालकी, औराद, हुमनाबाद येथील घरांत मराठी, कानडी, उर्दू आजही एकाच ओट्यावर नांदतात. अशा प्रदेशात सुतारकामाच्या लोकवर्गाला एक निराळेच महत्त्व येते. पुस्तक कोणत्या भाषेत असावे यावर वाद होऊ शकतो. कूस खाचेत नीट बसली की नाही, यावर वाद होत नाही. एकाच बाकावर दोन भाषांची मुले एकच फळी धरून उभी राहिली, तर त्यांना दुभाषाची गरज लागत नाही.

२०२३ साली केंद्र शासनाने विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश केला. कारागिराला त्याचा लाभ झाला तर ते इष्टच आहे. परंतु सुताराचा धंदा टिकविणे ही एक गोष्ट, आणि सुताराची विद्या सर्वांची करणे ही दुसरी. दुसरीसाठी शासनाच्या हुकुमाइतकीच गावातील माणसांच्या स्वेच्छेची गरज लागते. इतिहासाने त्या स्वेच्छेपुढे तीन अटी ठेवल्या आहेत. शिकविणाऱ्याने स्वतः हत्यार धरावे. वर्गात पाटलाचा, सावकाराचा, शिक्षकाचा आणि मजुराचा, सर्वांचा मुलगा असावा, आणि मुलगीही असावी. आणि गुरूच्या आसनावर, वर्ग भरविणाऱ्या सुशिक्षिताच्या शेजारी, गावच्या सुताराला बरोबरीचा मान मिळावा. पहिली अट पाळणारे पुष्कळ झाले, दुसरी पाळणारे थोडे. तिसरी पाळणारे तर त्याहूनही थोडे. ज्या गावात ती पाळली जाईल, तेथील सुताराचे नाव तरी पुढच्या पिढीला ठाऊक राहील.