रोमन अंकलेखन
रोमन अंकलेखन : प्राचीन रोममध्ये रूढ झालेली व लॅटिन वर्णमालेतील सात अक्षरांवर आधारलेली संख्यालेखनाची पद्धती. आय (१), व्ही (५), एक्स (१०), एल (५०), सी (१००), डी (५००) व एम (१,०००) ही तिची चिन्हे होत. या पद्धतीत चिन्हाचे मूल्य ठरलेले असते. दशमान पद्धतीप्रमाणे ते स्थानानुसार दसपट वा शतपट होत नाही. शून्यासाठी तीत चिन्ह नाही.

लेखनाचे नियम : मोठ्या मूल्याचे चिन्ह डावीकडे व लहान मूल्याचे त्याच्या उजवीकडे लिहिल्यास मूल्यांची बेरीज करावयाची असते, उदा., एक्स-व्ही-आय म्हणजे १६. लहान मूल्याचे चिन्ह मोठ्याच्या डावीकडे आल्यास ते वजा करतात. त्यामुळे आय-एक्स म्हणजे ९, तर एक्स-आय म्हणजे ११. आय, एक्स, सी व एम ही चिन्हे लागोपाठ जास्तीत जास्त तीन वेळा लिहितात. व्ही, एल व डी यांची पुनरुक्ती करीत नाहीत. वजाबाकीसाठी आय हे केवळ व्ही व एक्स यांच्यापूर्वी, एक्स हे एल व सी यांच्यापूर्वी आणि सी हे डी व एम यांच्यापूर्वी येते. म्हणून ९९ ही संख्या आय-सी अशी न लिहिता ९० व ९ असे भाग पाडून एक्स-सी-आय-एक्स अशी लिहितात. चिन्हावर आडवी रेघ दिल्यास त्याचे मूल्य हजारपट होते.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरील लेखात पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या आगमनाचे वर्ष एम-सी-एम-एक्स-आय असे कोरलेले आहे. त्याची फोड १,००० + ९०० + १० + १, म्हणजे १९११ अशी होते. हे वर्ष आगमनाचे आहे. वास्तूचे उद्‌घाटन १९२४ मध्ये झाले.

इतिहास : या चिन्हांचा उगम काठीवर खाचा पाडून मोजदाद करण्याच्या रीतीत असावा, असे सामान्यतः मानले जाते. रोमनांनी ती इट्रुस्कन लोकांकडून घेतली व कालांतराने त्यांना अक्षरांची रूपे आली. वजाबाकीचा नियम प्राचीन काळी काटेकोरपणे पाळला जात नसे. रोममधील कॉलॉसियम या रंगमंडलाच्या ४४ व्या प्रवेशद्वारावर ४० ही संख्या वजाबाकीने, तर ४ ही चार उभ्या रेघांनी दर्शविली आहे. अनेक घड्याळांच्या तबकड्यांवर चाराचा अंक आजही तसाच दिसतो. रोमन लोक आकडेमोड मणिचौकटीवर करीत आणि अंकांनी तिचे उत्तर नोंदवीत.

महाराष्ट्रातील समांतर पद्धती : जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनकालीन शिलालेख असून तो साधारणतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानतात. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेच्या संख्या ब्राह्मी अंकांत आहेत. रोमन अंकांप्रमाणेच येथेही स्थानमूल्य व शून्य नाही. १,७०० ही संख्या हजार व सातशे यांची चिन्हे शेजारी मांडून लिहिली आहे. तथापि ब्राह्मी लेखनात दहा, वीस, तीस इत्यादींना स्वतंत्र चिन्हे असल्याने रोमन लेखनातील पुनरुक्ती टळते.

पुढे भारतात स्थानमूल्य व शून्य प्रचारात आले. ग्वाल्हेर येथील ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली आहे, तर भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) दशमान स्थानांची परार्धापर्यंतची नावे दिली आहेत. हे अंक अरबांमार्फत यूरोपात गेले. लेओनार्दो फीबोनातची याने १२०२ मध्ये आपल्या ग्रंथात त्यांचा पुरस्कार केला. तथापि फ्लॉरेन्समधील सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत त्यांच्या वापरास मनाई केली. यूरोपात रोमन अंक हिशेबातून पूर्णपणे मागे पडण्यास त्यानंतरही काही शतके लागली.

महाराष्ट्रात स्थानमूल्याचे अंक रूढ झाल्यावरही कालनिर्देशासाठी बेरजेवर आधारलेली एक रीत टिकून होती. मोडी कागदपत्रांतील शुहूर सन (मृगसाल) अरबी संख्याशब्दांत लिहीत. पानिपतची लढाई झाली ते वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले जाई; म्हणजे १ + ६० + १०० + १,००० = ११६१. रोमन लेखनात हीच संख्या एम-सी-एल-एक्स-आय अशी होईल. रोमन क्रम मोठ्याकडून लहानाकडे, तर शुहूर सनाचा एककाकडून हजाराकडे जातो. हे वर्ष मृग नक्षत्राच्या प्रारंभी सुरू होत असल्याने त्यात डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व त्यानंतर ६०० मिळविल्यास इसवी सन येतो. त्यानुसार जानेवारी १७६१ हा काल निघतो. सितैन (६०) याऐवजी सित (६) असे वाचल्यास कागदाचा काल ५४ वर्षे मागे जातो आणि त्यातील व्यवहार भलत्याच पेशव्याच्या वा छत्रपतीच्या काळात पडतो. यामुळे वतन, इनाम व निवाडे यांच्या अभ्यासात हे शब्द अचूक वाचण्यास महत्त्व आहे.

मराठवाड्यात आणखी एका रीतीची भर पडते. परभणी जिल्ह्यातील ताडकळस (ता. पूर्णा) व आसपासचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मोगल व निजामी राजवटींतील फार्सी हिशेबांत रकमा ‘सियाक’ या लेखनात मांडीत. अरबी संख्याशब्दांच्या संक्षिप्त रूपांपासून बनलेली ही चिन्हेही शून्याविना, बेरजेने संख्या दर्शवितात. अशा जुन्या कागदांतील रकमा वाचण्यासाठी केवळ फार्सी वा उर्दू लिपी येणे पुरेसे नसते. सियाकची चिन्हेही स्वतंत्रपणे शिकावी लागतात.

सद्यःस्थिती : बेरजेच्या या पद्धतींपैकी सियाक व शुहूर सन व्यवहारातून नाहीसे झाले. रोमन अंक मात्र घड्याळे, ग्रंथांचे खंड व प्रस्तावनेची पृष्ठे, राजांची नावे आणि इमारतींवरील लेख यांत टिकून आहेत. जेथे आकडेमोड करावयाची नसून केवळ क्रम वा वर्ष नोंदवावयाचे असते, अशाच ठिकाणी त्यांचा वापर उरला आहे.